पसली चालते तेव्हा



आपल्या घरांतल्या दखनी बोलणाऱ्या दाद्या-नान्यांच्या तोंडी एक वाक्य असते: 'बच्चे की पसली चल रही है.' शेजारची मराठी आजी त्यालाच 'लेकराचं पोट उडतंय' किंवा 'बरगड्या ओढतंय' म्हणते. डॉक्टर त्याच गोष्टीला न्यूमोनियाचे लक्षण म्हणतात. शब्द तीन, पण तिघेही बोट एकाच जागी ठेवतात: बाळाच्या दोन बरगड्यांमधल्या फटीवर. थंडीचे दिवस आहेत, घरोघरी खोकला सुरू आहे. म्हणून या वेळी त्या फटीत काय असते, ते काम कसे करते, आणि बाळाची पसली चालू लागली की घरातल्यांनी काय करायचे, हे पाहू.

ती फट तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. बकरी ईदला बरगड्यांचा तुकडा, म्हणजे चाप, हातात येतो तेव्हा दोन हाडांमधले पातळ गोश्त नीट पाहा. सुरीच्या टोकाने वरचा पापुद्रा हळूच सोडवला तर त्याचे धागे एका दिशेने तिरके जाताना दिसतील. त्याच्या खालच्या थराचे धागे उलट दिशेने तिरके असतात. बाजेची नवार जशी आडवी-उभी विणतात, तशीच ही वीण. म्हणूनच ते गोश्त पातळ असूनही चिवट लागते. बकरीला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात, माणसाला १२. म्हणजे आपल्या छातीच्या प्रत्येक बाजूला ११ फटी, आणि प्रत्येक फटीत हे विणलेले स्नायू. मराठी पुस्तकात त्यांना आंतरपर्शुक स्नायू म्हणतात. उर्दूत पसलियों के दरमियानी अज़लात.

हे स्नायू तीन थरांचे असतात. बाहेरच्या थराचे धागे वरून खाली आणि पुढच्या बाजूला उतरतात. सदऱ्याच्या खिशात हात घातल्यावर बोटे ज्या दिशेला जातात, तीच ही दिशा. मधल्या थराचे धागे बरोबर त्याच्या उलट, खाली आणि मागे जातात. सर्वांत आतला थर अगदी पातळ असतो. साधारण असे समजा की बाहेरचा थर आखडला की बरगड्या वर उचलल्या जातात आणि श्वास आत येतो. मधला थर आखडला की बरगड्या खाली ओढल्या जातात आणि हवा जोराने बाहेर जाते. खोकताना, शिंकताना, फुगा फुगवताना हा मधला थर कामाला येतो.

बरगड्या वर उचलल्या म्हणून हवा आत का यावी? यासाठी विहिरीवरच्या दोन वस्तू आठवा: बादली आणि हापसा. बादलीची कडी एका बाजूला पडलेली असते. ती उचलली की आडवी बाहेर येते. खालच्या बरगड्या अशाच कडीसारख्या वर-बाहेर होतात आणि छाती रुंद होते. हापशाचा दांडा एका टोकाला अडकवलेला असतो आणि दुसरे टोक वरखाली होते. वरच्या बरगड्या मागे पाठीच्या कण्याला अडकलेल्या असतात. त्यांची पुढची टोके उचलली की छातीचे मधले हाड पुढे येते आणि छाती खोल होते. आतली जागा वाढली की तिथला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नाकातून आपोआप आत शिरते. आता दोन्ही तळहात स्वतःच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा आणि खोल श्वास घ्या. हात बाजूला सरकतात, ती बादलीची कडी. मग एक हात छातीच्या मधोमध ठेवून श्वास घ्या. तो पुढे येतो, तो हापशाचा दांडा.

बसल्या-बसल्या आपण जो शांत श्वास घेतो, त्यातले बहुतेक काम मात्र या स्नायूंचे नसते. ते श्वासपटलाचे असते. छाती आणि पोट यांच्या मधला हा घुमटासारखा स्नायूंचा पडदा. अरबीत त्याच्या नावातच 'हिजाब' हा शब्द आहे. तो खाली सरकला की हवा आत येते आणि सैल पडला की बाहेर जाते. या काळात बरगड्यांमधल्या स्नायूंचे काम मदतनिसाचे असते. ते फटी ताठ ठेवतात, म्हणजे श्वास ओढताना त्या आत खेचल्या जात नाहीत. मिनिटाला १५ श्वास धरले तर तासाला ९०० आणि दिवसाला २१,६०० होतात. झोपेतही हे काम चालूच असते आणि आपल्याला त्याची खबरही नसते. इन्सानाने स्वतःच्या जिस्मात अल्लाहच्या निशाण्या पाहाव्यात, असे कुरआन सांगतो. त्यातली ही एक निशाणी दर चार सेकंदांनी आपल्या छातीवर हलत असते.

निरोगी माणसात या स्नायूंचे खरे बळ पाहायचे असेल तर आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जा. अहिल्यानगरपासून सतराएक किलोमीटरवरचे हे गाव. १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून ते उजाड होत गेले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे गाव सोडून गेली. १९८९-९० मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि लोकांनी श्रमदानाने डोंगरउतारावर समतल चर खणले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायचे नाही, असे गावाने ठरवले. पोपटरावांना पुढे पद्मश्री मिळाली. आपल्या वाचकांना हे गाव आणखी एका गोष्टीसाठी ठाऊक असेल: तिथे मुस्लिम घर एकच, आणि त्या एका घरासाठी गावाने मशीद उभी केली.

हे काम पाहायला शाळांच्या सहली येतात आणि मुले चर बघायला डोंगर चढतात. वर पोचलेल्या मुलांकडे पाहा. शर्टाखाली छाती वरखाली होत असते, दोन शब्द बोलायलाही दम पुरत नाही. पायांच्या स्नायूंना जास्त ऑक्सिजन हवा असतो, एकट्या श्वासपटलाला तो भार झेपत नाही, म्हणून बरगड्यांमधले स्नायू जोराने कामाला लागतात. पाच मिनिटे झाडाखाली बसले की सगळे शांत. ही धाप आरोग्याची आहे. चढ संपला की ती संपते. बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसाला अशी धाप लागली तर ती आजाराची.

या स्नायूंचे आणखी एक काम आपण रोज पाच वेळा ऐकतो. मुअज्जिन अजानचा लांब स्वर एका दमात कसा पुरवतो? भरलेली छाती फुग्यासारखी असते. सोडली की सगळी हवा एकदम निघून जाईल. ते होऊ नये म्हणून श्वास घेण्याचे काम करणारा बाहेरचा थर स्वर सुरू झाल्यावरही बरगड्या धरून ठेवतो आणि हवा थोडी थोडी सोडतो. स्वर संपत येतो तसा मधला थर पुढे येतो आणि उरलेली हवा बाहेर ढकलतो. किरात शिकवणारे उस्ताद मुलांना मद्द ओढायला लावतात आणि मध्येच दम तोडू देत नाहीत, तेव्हा या दोन थरांचीच तालीम चाललेली असते. आवाजाचा आणि बरगड्यांचा हा संबंध जुन्या हकिमांना माहीत होता. दुसऱ्या शतकात रोममध्ये जालीनूसने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले होते की या स्नायूंच्या नसा बांधल्या तर प्राण्याचा आवाज जातो. त्याच्या शरीररचनेवरच्या मोठ्या ग्रंथाचा शेवटचा भाग ग्रीक भाषेत हरवला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्यांच्या साथीदारांनी केलेल्या अरबी अनुवादामुळेच तो जगाच्या हाती राहिला.

मोठ्या माणसांना या फटींत होणारी दोन दुखणी आपल्याकडे नेहमीची आहेत. एक म्हणजे उसण. वजन उचलताना किंवा आठवडाभर खोकून हे स्नायू ताणले जातात. मग श्वास घेतला, कूस बदलली की कळ येते आणि बोटाने दाबले की नेमकी जागा सापडते. शेक आणि विश्रांतीने ती बहुधा बरी होते. पण छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटत असेल, घाम येत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर तिला उसण म्हणून शेकत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. दुसरे दुखणे नागीण. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस जाते. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू अशा एखाद्या नसेत वर्षानुवर्षे लपून राहतो आणि पुढे कधीतरी जागा होतो. म्हणून तिचे फोड छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठतात. नागिणीची तोंडे जुळली की माणूस मरतो, ही समजूत खोटी आहे. औषध मात्र लवकर, शक्यतो पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हायला हवे.

आता बाळाकडे येऊ.

तान्ह्या बाळाची छाती ही मोठ्या माणसाच्या छातीची लहान प्रत नसते. त्याच्या बरगड्या मऊ असतात. मोठ्यांच्या बरगड्या पुढे उतरत येतात, बाळाच्या जवळजवळ आडव्या असतात. कडी आधीच आडवी असेल तर ती आणखी उचलणार किती? म्हणून बाळ बरगड्यांनी फारसे श्वास घेऊ शकत नाही, ते पोटाने म्हणजे श्वासपटलाने घेते. झोपलेल्या बाळाचे पोट हलके हलके वरखाली होते, ते ठीकच आहे. त्याला पसली चालणे म्हणायचे नाही.

न्यूमोनियात काय होते? फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत पू आणि पाणी भरते. मऊ स्पंज ओला होऊन जड व्हावा तसे फुप्फुस ताठर होते. तेवढीच हवा घ्यायला बाळाला जास्त जोर लावावा लागतो, आणि तरीही ती पुरत नाही म्हणून श्वासांची गती वाढते. घरी एक प्रयोग करा. पातळ प्लास्टिकची रिकामी बाटली तोंडाला घट्ट लावा आणि आतली हवा ओढा. बाटलीच्या बाजू आत दबतात. बाळाच्या छातीचे तेच होते. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी, पण मऊ छातीचा खालचा भाग उलट आत ओढला जातो. फटी ताठ ठेवणारे ते छोटे स्नायू जिवाचे रान करत असतात, तरी त्या जोरापुढे टिकत नाहीत. दादी जिला 'पसली चलना' म्हणते, ती ही अवस्था. त्या शब्दात अडाणीपणा काहीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या बाळांच्या उशाशी बसलेल्या बायकांनी डोळ्यांनी पाहून तो घडवला आहे. चूक होते ती शब्द उच्चारल्यानंतर. कुणी पोटावर डाग देतात, कुणी बिब्बा लावतात, कुणी नाकात तेल सोडतात. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या आजही येतात. चटक्याने न्यूमोनिया जात नाही, वर जखम होते. नाकात सोडलेले तेल तर थेट फुप्फुसात उतरू शकते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. हे स्नायू थकतात. बाळाचे तर लवकर थकतात. काल रात्रभर जोराने चालणारी पसली आज सकाळी मंदावली, बाळ निपचित पडून राहिले, तर 'आता आराम पडला' म्हणून शुक्र मानत बसू नका. बरे झालेले बाळ दूध मागते, आईकडे पाहते, रडते, हसते. दूध न ओढणाऱ्या, डोळे न उघडणाऱ्या बाळाचा श्वास मंदावणे म्हणजे स्नायू हरत चालले आहेत.

हे लक्षण ओळखायला मोठे शिक्षण लागत नाही, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच माणसांना आणि सुइणींना बाळाचे श्वास मोजायला आणि न्यूमोनियावर औषध द्यायला शिकवले. ज्यांना मोजदाद जमत नव्हती त्यांच्यासाठी मण्यांची एक चौकट बनवली. सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. १९९० मध्ये या कामाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. जिथे हे काम झाले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या मानाने निम्म्याहून कमी होते.

मण्यांची तशी चौकट आपल्याकडे नसेल, पण तसबीह तर घरोघरी आहे. दादीच्या हातातली तीच तसबीह बाळाचा श्वास मोजायला घ्या. पद्धत सोपी आहे. बाळ शांत असावे. रडताना, दूध पिताना किंवा खूप ताप चढलेला असताना मोजले तर आकडा चुकतो. बाळाचा स्वेटर, झबले वर करून छाती आणि पोट उघडे करा. थंडीत आपण लेकरांना इतके गुंडाळतो की पसली चालते आहे हे कुणाला दिसतच नाही. मग एकाने मोबाइलवर एक मिनिटाची वेळ लावावी आणि दुसऱ्याने पोट एकदा वर आले की एक मणी सरकवावा. पूर्ण एक मिनिट. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नका. लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मिनिट झाले की मणी मोजा.

दोन महिन्यांच्या आतले बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. पुन्हा एकदा मोजा. तरी तेवढेच आले तर थेट रुग्णालय. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत: ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षे: ४० किंवा जास्त. खोकला आहे आणि आकडा याच्यापुढे गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रात दाखवायचे. आणि श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत जात असेल तर आकडा कितीही असो, रुग्णालय. दूध किंवा पाणी घेत नाही, सगळे उलटून पडते, झटके येतात, जागे केले तरी गुंगीत राहते, ओठ निळसर दिसतात, यातले एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा आणि निघा. वाटेत बाळाला अंगाशी धरून ऊब द्या. ते ओढत असेल तर आईचे दूध चालू ठेवा. डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक दोन दिवसांत आराम वाटला म्हणून बंद करू नका, आणि मागच्या वेळची उरलेली बाटली या वेळी पाजू नका.

हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? अवघड आहे ती रात्र. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. सून म्हणते, 'अम्मी, मुन्ने की साँस ठीक नहीं लगती.' सासू म्हणते, दात येत असतील, नजर लागली असेल, सकाळी पाहू. नवरा टेम्पो घेऊन पुण्याला गेलेला असतो आणि फोन उचलत नाही. सासऱ्यांना उठवायचे कुणी? खर्च कोण करणार? गाडी कुणाची? सून तरुण आहे, पहिलटकरीण आहे, तिचा शब्द घरात लहान आहे. बाळाला सर्वांत जवळून पाहणारी तीच असते आणि निर्णय घेण्याचा हक्क सर्वांत कमी तिलाच असतो. या ओढाताणीत चार-पाच तास जातात. बाळाच्या स्नायूंकडे तेवढे तास असतीलच असे नाही.

इथे हिवरे बाजारकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या गावात दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरते. पाणी कमी असेल तर जास्त पाणी पिणारे पीक नाही. मग कुणाची विहीर मोठी, कुणाचा आवाज मोठा, याला फारशी किंमत उरत नाही. आकडा बोलतो. २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट आली तेव्हाही गावाने हेच केले. स्वयंसेवकांची पथके घरोघर फिरून तपासणी करत होती, बाधितांना वेळीच वेगळे ठेवले जात होते, आणि मे महिन्यात गाव करोनामुक्त झाले. त्याच काळात आपण सर्वांनी बोटाला ऑक्सिमीटर लावायला शिकलो, कारण बोलता-चालता ठीक दिसणाऱ्या माणसाचाही ऑक्सिजन खाली गेलेला असायचा. मोजल्याशिवाय ते कळत नव्हते.

घराचीही अशी एक ग्रामसभा भरवा. बाळ धडधाकट असताना, एखाद्या जुम्याच्या दुपारी, जेवणानंतर सासू-सासरे, मुलगा-सून एकत्र बसा आणि ठरवा: हे तीन आकडे आपल्या घराचा नियम. ६०, ५०, ४०. कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्याखाली १०८, आशा ताईंचा नंबर आणि रात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर. आकडा ओलांडला किंवा छाती आत जाताना दिसली, तर सुनेने कुणाची परवानगी न मागता निघायचे. थोडे पैसे त्याच कपाटात वेगळे ठेवायचे. असे आधी ठरलेले असेल तर त्या रात्री सुनेला सासूशी वाद घालावा लागत नाही आणि सासूलाही आपला शब्द मोडला असे वाटत नाही. उलट मणी मोजायला तसबीह घेऊन दादीच पुढे बसेल. पसली चालताना तिने सुनेपेक्षा जास्त बाळे पाहिलेली आहेत. तिची नजर आणि सुनेची घाई एकत्र आली की बाळाचे भले होते.

दुआ करा, दम करा, सदका काढा, त्याला कुणाची हरकत नाही. पण ते गाडीत बसून करा. उंट आधी बांधून मग तवक्कुल करण्याची हदीस आपण मुलांना शिकवतो. १०८ ला फोन करणे म्हणजे तो उंट बांधणेच.

आणि पसली चालण्याची वेळच येऊ नये यासाठी काही गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. लसीकरण वेळेवर. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरची न्यूमोकोकल लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळते. तिचे डोस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात असतात. पेंटाव्हॅलंट लशीत हिब नावाच्या दुसऱ्या जंतूवरचा उपाय असतो, आणि गोवराची लसही न्यूमोनियापासून वाचवते, कारण गोवरानंतर छाती भरते. तिसरी गोष्ट धूर. चुलीचा धूर, बिडी-सिगारेटचा धूर, डासांसाठी पेटवलेल्या कॉइलचा धूर, बंद खोलीत लोबानाचा धूरसुद्धा बाळाच्या फुप्फुसाला त्रास देतो. हिवरे बाजारात कुऱ्हाडबंदीने झाडे वाचली, गोबरगॅस आला आणि नशाबंदीही आली. हे सगळे डोंगर आणि संसार वाचवण्यासाठी केले होते, पण धूर कमी झाला की फायदा स्वयंपाकघरात आईच्या कडेवर बसलेल्या बाळालाही होतो. आपल्या घरी लोबान जाळायचेच असेल तर बाळ दुसऱ्या खोलीत आणि खिडकी उघडी ठेवा.

हा अंक हातात असतानाच एक काम करा. घरातले सर्वांत लहान लेकरू झोपलेले असेल तर त्याच्या अंगावरची दुलई बाजूला करा, झबले वर करा आणि एक मिनिट त्याचे श्वास मोजा. निरोगी असताना ते मिनिटाला किती श्वास घेते, त्या वेळी त्याची छाती कशी हलते, हे आईच्या, दादीच्या आणि अब्बाच्याही डोळ्यांत बसू द्या. चांगली छाती नीट पाहून ठेवली तर बिघडलेली छाती रात्रीच्या अंधुक उजेडातही ओळखू येते. मोजून झाले की दुलई पुन्हा नीट पांघरा. थंडी आहे.